नॅशव्हिलचं डाउनटाउन प्रेस्बिटेरियन चर्च: गाव सोडून न गेलेली मंडळी (सोलापूरकरांसाठी सविस्तर रिव्ह्यू)

सलाम सगळ्यांना. लेकीकडे अमेरिकेत तीन महिने राहून सोलापुरात परत आले त्याला आता दीड महिना झाला, आणि उपासना सुटली की पायरीवर कोणी ना कोणी विचारतंच की काय काय बघितलंस, तर प्रत्येकीला तुकड्या तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच बसून लिहावं म्हटलं. नायगारा वगैरे बघितला, छान आहे, त्यावर लिहिणारे खूप आहेत. मला लिहायचंय ते एका चर्चबद्दल. पाचपैकी पाच स्टार, आणि ते का हे जरा लांबून सांगते, कंटाळू नका.

लेक-जावई नॅशव्हिलला असतात, टेनेसी राज्याची राजधानी. कंट्री म्युझिकचं गाव, संध्याकाळी मेन रोडवर प्रत्येक हॉटेलातून गाणंबजावणं ऐकू येतं, आपल्या गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यांच्या बाजूला उभं राहिल्यावर चारीकडून आवाज येतात ना, अगदी तसं. लेक एरवी गावाबाहेरच्या एका मोठ्या चर्चला जाते, तिथं पार्किंगच आपल्या पार्क मैदानाएवढं, स्क्रीन, कॉफी, सगळं आहे, माणसंही चांगली. पण मी तिला म्हटलं, बाई, नव्या गावात गेल्यावर आपण आधी गावातलं जुनं देऊळ बघतो ना, तसं मला गावातलं जुनं चर्च दाखव. मग पुढच्या रविवारी ती आम्हा दोघांना डाउनटाउनला घेऊन गेली.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा ह्यांनी विचारलं, "अगं, हे चर्चच आहे ना?" कारण दोन उंच मनोरे सोडले तर बाकी काही चर्चसारखं दिसतच नाही. दारापुढे कमळासारख्या डोक्याचे जाडजूड खांब, वर पंख पसरलेली सूर्याची चकती. इजिप्तच्या देवळात असते तसली. आत गेलात की आणखीच, खांब लाल निळे हिरवे पिवळे रंगवलेले, आणि समोरच्या भिंतीवर असं चित्र काढलंय की भिंत संपतच नाही, खांबांच्या रांगा आत आत जातायत असंच वाटतं. मी पहिली पाच मिनिटं प्रार्थना सोडून त्या भिंतीकडेच बघत होते. नेपोलियन १७९८ मध्ये इजिप्तवर चालून गेला तेव्हापासून युरोप-अमेरिकेत या शैलीची हवा झाली होती, पण या शैलीत बांधलेली चर्चेस अगदी मोजकी आहेत आणि हे त्यातलं फार मोठं मानतात, १९९३ पासून राष्ट्रीय वारसा वास्तू आहे. बांधणारा विल्यम स्ट्रिकलंड, त्याच सुमाराला तो टेकडीवरचं विधानभवनही बांधत होता. १८५४ मध्ये तो गेला आणि त्याला त्या विधानभवनाच्या भिंतीतच पुरलंय. हे ऐकून मला कसंतरीच झालं पण तिथं ते मानाचं समजतात.

मंडळी, म्हणजे या चर्चचे सभासद मिळून, तशी १८१४ ची. पहिलं चर्च १८३२ मध्ये जळलं, दुसरं बांधलं तेही १८४८ मध्ये जळलं, आणि तरी लोकांनी पुढच्या वर्षी तिसऱ्याचा पाया घातला आणि १८५१ च्या ईस्टरला उपासना सुरू केली. आता उभं आहे ते हे तिसरं. मग दहा वर्षांत सिव्हिल वॉर, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध लागलं, उत्तरेच्या सैन्यानं गाव घेतलं आणि चर्चचं लष्करी हॉस्पिटल केलं. नंतर दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ट्रेनिंगला आलेले सैनिक सुट्टीला गावात यायचे, झोपायला जागा नसायची, तर ते इथं येऊन झोपायचे. मनोऱ्यातली घंटा अ‍ॅडलिशिया अ‍ॅकलन नावाच्या श्रीमंत बाईनं दिलेली, बरीच वर्षं गावात आग लागली की हीच घंटा वाजवायचे. दोनदा जळलेल्या चर्चची घंटा गावाला आगीची खबर देणार, हे मला फार आवडलं. पण एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, ही बाई शेकडो गुलामांची मालकीण होती. घंटेकडे बघताना ते मनातून जात नाही आणि जाऊही नये असं मला वाटतं. त्या गुलामगिरीवरूनच आणि युद्धावरून १८६१ मध्ये अमेरिकेतले प्रेस्बिटेरियन उत्तर-दक्षिण असे फुटले ते एकदम १९८३ मध्ये एक झाले, म्हणजे माझं लग्न झाल्यावर.

आता प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, हे आपल्यातल्याही पुष्कळांना नीट माहीत नसतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ वडील. म्हणजे मंडळी आपल्यातूनच वडील निवडते आणि ते वडील व पाळक मिळून कारभार बघतात, वर बिशप नाही. शेजारपाजारच्या मंडळ्यांचे वडील आणि पाळक एकत्र बसतात ती प्रेस्बिटरी, तिच्यावर सिनड, तिच्यावर जनरल असेंब्ली. स्कॉटलंडमध्ये १५६० साली जॉन नॉक्सच्या वेळी हे रुजलं. आपल्याकडे मुंबईचं विल्सन कॉलेज, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांचं काम, मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं. आपलं सोलापूरचं जुनं मिशन काँग्रिगेशनल (यात प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते), म्हणजे १८१३ ला मुंबईत आणि १८३१ ला नगरला आलेली अमेरिकन मराठी मिशन, तीच पुढे इकडं आली. पण त्यांना पाठवणाऱ्या बोर्डात १८७० पर्यंत प्रेस्बिटेरियन लोकांचेही पैसे होते, आणि १९२४ साली तर काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन मंडळ्या एक होऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं, मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं आणि आपल्याला बिशप आले. म्हणजे माझी आई ज्या मंडळीत वाढली तिची तऱ्हा बरीचशी या नॅशव्हिलच्या मंडळीसारखीच होती की ओ. लहानपणी आमच्या घरी "वडील आलेत" म्हटलं की कोणाचे वडील असं कोणी विचारायचं नाही, खुर्ची पुढं करायची आणि चहा ठेवायचा.

आमच्या घराची गोष्टही थोडी सांगते. माझ्या आईची आजी १९०० च्या दुष्काळात आईबाप गेल्यावर मिशनच्या बोर्डिंगात आली. किती वर्षांची होती तिलाच माहीत नव्हतं. आई वोरोनको शाळेत शिकली. वोरोनको हे नाव मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका खेड्याचंही आहे हे मला या वेळी कळलं, आयुष्यभर ते नाव तोंडात होतं आणि कधी विचारलंच नव्हतं. तर अमेरिकेतल्या कुठल्या तरी मंडळीनं ताटातून काढून पाठवलेल्या पैशावर माझी पणजी जगली, हे डोक्यात ठेवूनच मी त्या बाकावर बसले होते.

उपासना साधी. हातात छापलेला कागद देतात, त्यावरून सगळं चालतं. माणसं फार नव्हती, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये विखरून बसलेली, पण शांतीचा सलाम करायची वेळ आली तेव्हा अर्धं चर्च उठून आमच्यापर्यंत आलं. माझ्या पुढच्या बाकावर एक माणूस होता, पाठीवर मोठी बॅग, बॅगेला बांधलेली वळकटी, बूट ओले, म्हणजे रात्र बाहेरच काढलेली. त्याच्या शेजारी मोत्याची माळ घातलेली म्हातारी. दोघं एकाच पुस्तकातून गात होते, तो पान धरायचा आणि ती बोट ठेवायची. एका गीताची चाल सुरू झाली आणि मी दचकलेच, ही तर आपल्या उपासना संगीत या गीतांच्या पुस्तकातली चाल! शब्द इंग्लिश होते, मी मराठीतच म्हटलं, हळू आवाजात, कोणाला काय कळतंय. मग प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेणं. वडील ताट घेऊन बाकाबाकाला येतात. आमच्या रांगेला आलेली वडील एक बाई होती, ऐंशीच्या पुढची, हात इतका थरथरत होता की ताटातले छोटे पेले एकमेकांना लागून किणकिण वाजत होते, आणि कोणीही पुढं होऊन तिच्या हातातलं ताट काढून घेतलं नाही, सगळे थांबले, तिनं रांग पूर्ण केली. ती किणकिण अजून कानात आहे माझ्या.

उपासनेनंतर कॉफी घेताना त्याच बाईंनी आम्हाला मंडळीची गोष्ट सांगितली, लेक मधे मधे मराठीत सांगत होती. १९५० च्या सुमाराला अमेरिकेत सगळीकडे जे झालं तेच इथंही, पैसेवाले लोक गाड्या घेऊन गावाबाहेर बंगल्यात गेले. मोठ्या मंडळीनं ठरवलं की चर्चही तिकडंच न्यायचं, नवीन जागा, मोकळी हवा, पार्किंग. १९५५ साली ते गेले. पण थोडे लोक म्हणाले आम्ही जात नाही. त्यांनी ही जुनी इमारत त्या जाणाऱ्यांकडून विकत घेतली आणि नवीन नाव ठेवलं, डाउनटाउन प्रेस्बिटेरियन. म्हणजे गावातलं. आता विचार करा, आपलंच चर्च, जिथं आपला बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, ते पुन्हा पैसे मोजून घ्यायचं, आणि वर एवढ्या मोठ्या इमारतीचं छत, रंग, काचा सगळं मूठभर लोकांनी सांभाळायचं. कशासाठी, तर गावातल्या माणसाला चालत येता यावं म्हणून. "श्रीमंत माणूस कुठंही जाऊ शकतो, चालत येणारा माणूस इथंच असतो," अशा अर्थाचं काहीतरी त्या म्हणाल्या, आणि मला एकदम आपली नवी पेठ, स्टँड, सिव्हिल हॉस्पिटलचा रस्ता डोळ्यापुढं आला.

आणि राहिले ते नुसते दार उघडं ठेवून बसले नाहीत. बुधवारी दुपारी बेघर लोकांसाठी जेवण असतं. लेकीची ड्यूटी नव्हती म्हणून एका बुधवारी आम्ही दोघी गेलो आणि मी वाढायला उभी राहिले, आपल्याला काय, पंगत वाढायची सवयच आहे. टेबल-खुर्च्या, गरम जेवण, आणि कोणी भाषण देत नाही, जेवायच्या आधी उपदेश ऐक मग ताट घे असंही नाही. पुढच्या बाकावरचा तो बॅगवाला तिथंही होता, त्यानं मला ओळखलं, मान हलवली. गावातल्या बेघर लोकांचं एक वर्तमानपत्रही निघतं, कॉन्ट्रिब्यूटर नावाचं, २००७ मध्ये सुरू झालं, बेघर माणसं ते विकत घेऊन रस्त्यावर विकतात आणि मधले पैसे त्यांचे. त्याचं काम याच चर्चच्या इमारतीतून चालतं. शिवाय वरच्या रिकाम्या खोल्या चित्रकारांना स्टुडिओ म्हणून दिल्यात आणि त्यांच्या चित्रांची छोटी गॅलरी आहे. मला चित्रातलं काही कळत नाही, पण रविवार सोडून सहा दिवस इमारत कुलूप लावून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी बरं. डिसेंबरात ते एक दिवस वॉफल शॉप लावतात, कितीतरी दशकांची पद्धत आहे, ऑफिसातले साहेब आणि बाकी गाव एकाच टेबलावर वॉफल आणि टर्कीचा हॅश खातात. वॉफल म्हणजे जाळीदार गोड धिरडं समजा. चव बरी, माझ्या जिभेला जरा अळणी.

आता ज्या गोष्टीसाठी खरं मला हे लिहायचं होतं ती. चर्च ज्या रस्त्यावर आहे तो फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू, आता त्याला जॉन लुईस यांचं, म्हणजे पुढे खासदार झालेल्या काळ्या नेत्याचं नाव दिलंय. त्याच रस्त्यावर पुढं चालत गेलं की वूलवर्थ, क्रेस वगैरे दुकानं होती. तिथं काळ्या लोकांनी सामान घ्यायचं, पैसे द्यायचे, पण दुकानातल्या जेवणाच्या काउंटरवर बसायचं नाही. १३ फेब्रुवारी १९६० ला शंभरावर विद्यार्थी, जॉन लुईस त्यातलेच, चांगले कपडे घालून त्या काउंटरवर जाऊन बसले. काही देत नाही म्हटलं तरी बसूनच राहिले. २७ तारखेला त्यांना मारलं, अंगावर सिगारेटी विझवल्या, आणि पोलिसांनी पकडलं कोणाला, तर मार खाणाऱ्या ८१ जणांना. एकानंही हात उचलला नाही. १० मे ला काउंटर सगळ्यांना खुले झाले. चर्चपासून चालत जाण्यासारखी गावची लायब्ररी आहे, तिथं एक खोली यासाठी ठेवलीय, तसंच काउंटर मांडलंय, त्यावर त्या मुलांनी स्वतःला घालून घेतलेले नियम लिहिलेत, उलट मारायचं नाही, ताठ बसायचं, तोंड काउंटरकडे ठेवायचं.

आणि या मुलांना हे शिकवलं कोणी, तर जेम्स लॉसन. हा माणूस कोरियाच्या युद्धाला जायला नकार दिला म्हणून तुरुंगात गेलेला, सुटल्यावर १९५३ मध्ये मेथडिस्ट मिशनरी म्हणून आला तो थेट आपल्या नागपूरला, हिस्लॉप कॉलेजात! तीन वर्षं तिथं राहिला, गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला. अमेरिकेतल्या माँटगोमेरी गावात काळ्या लोकांनी बसवर घातलेला बहिष्कार त्याला कळला तो नागपुरातल्या पेपरात वाचून. परत गेला, मार्टिन ल्यूथर किंग यांना भेटला, नॅशव्हिलला आला आणि चर्चच्या खोलीत मुलांना बसवून शिकवायला लागला की शिवी आली तर काय करायचं, थुंकलं तर काय करायचं. २०२४ मध्ये ते गेले. मी त्या काउंटरच्या स्टुलावर बसले आणि मला रडूच आलं, लेक घाबरली. तिला म्हटलं, अगं, स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन लोकांनी नागपुरात कॉलेज काढलं, त्या कॉलेजात अमेरिकेतला हा माणूस येऊन गांधी शिकला आणि ते घेऊन या रस्त्यावर आला, म्हणजे नुसतं तिकडून इकडं आलं असं नाही, इकडून पण काही गेलंय. लहानपणापासून मी एकच ऐकलं की आम्हाला दिलं, आम्हाला दिलं. पणजीला दिलं ते खरंच आहे, मी ते कधी विसरणार नाही. पण आपला चार हुतात्म्यांचा चौक आहे ना, धनशेट्टी, सारडा, शिंदे आणि कुर्बान हुसेन, गांधीजींना पकडलं म्हणून १९३० च्या मे महिन्यात हे गाव उठलं, मार्शल लॉ सोसला, १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिलं, त्या गावाची मी आहे. त्या स्टुलावर बसून मला पहिल्यांदा वाटलं की या रस्त्यावर मी नुसती पाहुणी नाही.

परत आले आणि इथं आमच्या मंडळीत (नाव लिहीत नाही, घरची गोष्ट आहे) तोच विषय निघालेला. बरीच कुटुंबं जुळे सोलापूरला, विजापूर रोडला राहायला गेलीत, तर उपासनाही तिकडंच एखाद्या हॉलमध्ये घ्यावी, गावात गाडी लावायला जागा नाही, बाजाराचा गोंगाट, छत गळतं, दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा. सगळी कारणं खरी आहेत, मी कोणाला नावं ठेवत नाही, माझा मुलगा स्वतः तिकडंच राहतो. पण मी मीटिंगमध्ये उभी राहून १९५५ ची गोष्ट सांगितली. म्हटलं, सकाळी लवकर चालत येऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या तीन विधवा बाया जुळे सोलापूरला रिक्षाचे पैसे घालून येतील का? कोणी काही बोललं नाही. एक वडील नंतर येऊन म्हणाले, ताई, त्या बुधवारच्या जेवणाला अंदाजे किती खर्च येत असेल? आपल्याकडं पन्नास माणसांची भाजी-भाकरी आणि शेंगाची चटणी धरून हिशोब काढून देते म्हटलंय, वहीत अर्धा झालाय.

ज्यांची मुलं तिकडं आहेत आणि जे जाणार आहेत त्यांच्यासाठी थोडं. पत्ता सोपा आहे, फिफ्थ आणि चर्च स्ट्रीटचा कोपरा, दोन मनोरे लांबून दिसतात. उपासनेची वेळ त्यांच्या साइटवर बघून जा. रविवारी दहा मिनिटं आधी पोचा म्हणजे भिंतीवरचं चित्र निवांत बघता येईल, उपासना चालू असताना फोटो काढू नका. साडी नेसून गेलात तरी कोणी टकमक बघत नाही, उलट मायेनं चौकशी करतात. ख्रिस्ती नसलात तरी चालेल, आमच्या शेजारणीचा मुलगा तिकडंच शिकतो, तो आमच्याबरोबर आला होता, त्यालाही तेवढ्याच प्रेमानं बसवलं. रविवार जमला नाही तर बुधवारी दुपारी जा आणि वाढायला हात लावू का विचारा. लायब्ररीतली ती खोली चुकवू नका. आणि बॅगवाला माणूस दिसला तर त्याला सोलापूरच्या बाईचा सलाम सांगा, निघायच्या आदल्या बुधवारी मी त्याला शेंगाच्या चटणीची पुडी दिली होती, त्यानं भातावर घालून खाल्ली आणि नाव विचारून कागदावर लिहून घेतलं.